बाइंडरकाका आणि पाखरांची तेवीस घरं

बाइंडरकाकांना दोन वर्षांत कुणी कशाला बोलावलं नव्हतं, आणि आता बोलावलं ते कुणी, तर बालवाडीने!

दोन वर्षांपूर्वी काकांनी दुकान बंद केलं. बंद केलं म्हणायचं आपलं. गिऱ्हाईकच यायचं थांबलं, मग शटर रोज वर करायचं कुणासाठी? त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. शाळांची हजेरीबुकं, वाचनालयातली जीर्ण झालेली पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे जाडजूड प्रबंध. काकांनी बांधलेल्या पुस्तकाचं पान सुटलंय असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी नाही म्हणत, काकाच म्हणायचे. हल्ली म्हणत नसत, कारण ऐकायला कुणी नव्हतं. काकू जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा लांबच्या शहरात. तो दर रविवारी फोन करायचा, "बाबा, जेवलात ना? औषधं घेताय ना?" काका म्हणायचे, "हो. हो." दोन प्रश्न, दोन हो, खलास. एकदा सकाळी दूधवाल्याने सुट्टे मागितले तेव्हा काकांच्या घशातून आवाजच फुटेना. दोनदा खाकरल्यावर फुटला. मग त्यांच्या लक्षात आलं की परवापासून आपण एकही शब्द बोललेलो नाही. त्या दिवशी त्यांना भीती वाटली.

अशात बालवाडीच्या बाई एक फाटकं हजेरीबुक घेऊन दारात आल्या. तरुण पोरगी, कायम घाईत, एक चप्पल घालता घालताच निघालेली असावी अशी. काकांनी तिच्यादेखत पाठीचा कागद कापला, घडी घातली, हाडाच्या पट्टीने दाबली आणि पाच मिनिटांत बुक ठणठणीत करून दिलं. बाई बघतच राहिल्या.

"काका, आमच्या मुलांना कागदाची पाखरांची घरं शिकवाल? झाडांना नवी पालवी फुटलीय, अंगणातल्या झाडाला टांगू. आणि नीट जमलं तर दर बुधवारीच या ना, सुट्टी लागेपर्यंत. मला एकटीला तेवीस जण आवरत नाहीत."

बाईंनी हे सहज म्हटलं. काकांनी सहज घेतलं नाही. दर बुधवारी! रात्री अंथरुणावर पडून त्यांनी बुधवार मोजले. सुट्टीपर्यंत नऊ भरले. नऊ बुधवार म्हणजे नऊ वेळा घरातून कामासाठी निघायचं, नऊ वेळा कुणीतरी वाट बघत असणार. फक्त हा पहिला बुधवार नीट पार पडला पाहिजे.

मग काय विचारता! दहा दिवस तयारी. पांढऱ्या जाड कागदाची तेवीस घरं कापली, वर दोन जास्तीची, कुणाचं फाटलं तर असावीत म्हणून. घड्यांच्या जागी बोथट सुरीने हलकी रेघ ओढून ठेवली, म्हणजे इवल्या बोटांनाही घडी सरळ जाईल. औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून दारं कोरली. लाल, हिरवी, पिवळी छपरं वेगळी. बाजारची डिंकाची बाटली काकांच्या मनाला येईना. पोरं चिकट हात तोंडात घालणार, म्हणून त्यांनी मंगळवारी स्वतः मैद्याची खळ शिजवली. आणि बुधवारी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, बालवाडी उघडायच्या चाळीस मिनिटं आधी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी हजर!

पोरांनी आल्या आल्या त्यांना घेरलं.

"तू कुणाचा आजोबा?" एका मुलीने विचारलं. दोन घट्ट वेण्या, कंबरेवर हात. हिला बाईसुद्धा 'वकीलबाई' म्हणत.

"कुणाचाच नाही गं इथे."

"मग आत कसा आला?"

बाई हसल्या, काका हसले. खरं म्हणजे उत्तर सोपं नव्हतं.

पुढचा एक तास कसा गेला हे काकांना कळलं नाही. घडीवर नख फिरवा म्हटलं तर एकाने बुक्की मारली. खळ केसांत गेली, नाकाला लागली, एकीने तर चाटून पाहिली आणि "साखर नाही यात" अशी तक्रार केली. कागद फाडून घरांवर चिकटवायला फुलं करायची होती. कुणाचं फूल भिंतीएवढं झालं, कुणाचं छप्पर टोपी सरकावी तसं एका कानावर सरकलं. "आजोबा, माझं बघ", "आजोबा, माझं आधी", "आजोबा, हा माझी खळ खातो!" काकांचा घसा दुखायला लागला. बोलून बोलून घसा दुखण्याचं सुख किती वर्षांनी त्यांच्या वाट्याला आलं होतं!

वकीलबाईंनी फुलाऐवजी दाराशी कागदाचं निळं पाखरू चिकटवलं आणि त्याला शेपूट लावलं हे एवढं, वीतभर. अर्धं शेपूट घराबाहेर लोंबत होतं.

"अगं, शेपूट बाहेर गेलं की."

"जाऊ दे. शेपूट बाहेरच असतं."

"पाखरू घरात राहतं ना? मग शेपूटही घरात."

"घर छोटं कापलंस तू," वकीलबाई म्हणाल्या, "माझं पाखरू मोठं आहे."

डब्याची वेळ झाली. घरं अजून टेबलांवर सपाट, ओली पसरलेली. बाई म्हणाल्या, "काका, मी यांना अंगणात नेते. अर्ध्या तासात वाळली की घड्या घालून उभी करू. साडेबाराला पालक येतील, तोवर झाडाला टांगलेली हवीत." त्या गेल्या, गलका गेला, आणि खोलीत काका आणि तेवीस घरं उरली.

काका टेबलांमधून फिरले. आता त्या घरांकडे बघणारी त्यांची नजर आजोबांची नव्हती, बाइंडरची होती. अरे बापरे! एक कड सरळ नाही. छपरं तिरकी, फुलं बाहेर आलेली, खळीचे ओघळ. साडेबाराला पालक येणार आणि विचारणार, हे कुणी शिकवलं? बाई बोट दाखवणार काकांकडे. चाळीस वर्षांत असला माल त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पुस्तक शिवून, चिकटवून झालं की शेवटी तिन्ही कडा कापून सारख्या करायच्या, तेव्हा कुठे ते पुस्तक दिसतं. हे पोरांना कसं जमणार? हे आपलंच काम राहिलंय, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. जित्याची खोड, दुसरं काय!

पिशवीतून त्यांनी पोलादी पट्टी आणि सुरी काढली.

पहिल्या घराचं बाहेर आलेलं फूल कापलं. दुसऱ्याचं छप्पर ओलंच होतं, ते उचलून सरळ बसवलं. मग हात चालू लागला. पट्टी ठेव, सुरी ओढ, पुढचं घर. खालच्या कडेला पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं. काकांनी तीही कड कापून टाकली. धंद्यात कडेला पेन्सिलीने लिहिलेलं असतं ते बाइंडरसाठी. कुठला भाग आधी, कुठला नंतर, पुठ्ठा कोणता. काम झालं की ते कापून टाकायचं, गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. वाचलं असतं तर कळलं असतं. पण बाइंडर कधी वाचतो का? वाचत बसला तर बांधणार कधी! निळ्या शेपटाशी आल्यावर मात्र हात क्षणभर थबकला, खोटं कशाला सांगू. पण बावीस घरं सारखी झालेली आणि हे एकच बाहेर आलेलं. काकांनी पट्टी ठेवली आणि कापलं. मग कातरण गोळा करून कचऱ्याच्या पेटीत टाकली, टेबलं पुसली, घरं ओळीने मांडली. काय देखणी दिसत होती! काका हात मागे बांधून दाराशी उभे राहिले.

पोरं धावत आत आली आणि टेबलांपाशी थांबली.

"माझं कुठंय?" एकाने विचारलं.

मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. ज्याचं छप्पर एका कानावर होतं तो तिरकं छप्पर शोधत होता आणि इथे तर सगळी छपरं सरळ. मोठ्या फुलाची मुलगी प्रत्येक घर उचलून खाली ठेवत होती. "हे माझं नाही. हे पण नाही." बाई म्हणाल्या, "थांबा, नावं बघून देते," आणि त्यांनी एक घर हातात घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"काका, इथे मी नावं घातली होती. कुठे गेली?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "ती... नावं होती?"

"मग काय असणार?"

"मला वाटलं, खुणा आहेत. कापायच्या." हे बोलताना त्यांचं त्यांनाच कळलं की हे जगात दुसऱ्या कुणालाही पटणार नाही.

वकीलबाईंनी मात्र आपलं पाखरू ओळखलं. निळं दुसरं नव्हतंच. ते घर घेऊन ती काकांसमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. "शेपूट कुणी कापलं?" एवढंच विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"का?"

तो म्हातारा माणूस कचऱ्याच्या पेटीपाशी गुडघे टेकून बसला आणि कातरण उपसू लागला. भोवती पोरं बसली. नावांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या मिळाल्या, पण कुठली कुठल्या घराची हे कसं कळणार? कडा इतक्या सफाईने कापलेल्या की कुठलीही पट्टी कुठल्याही घराला बरोबर जुळायची. शेपूट सापडलं ते खळीत भिजून चोळामोळा झालेलं. वेळ तर संपत आलेला. बाईंनी शेवटी ज्याला जे हाती आलं ते दिलं, भराभरा घड्या घातल्या, दोरे ओवले आणि घरं टांगली.

पालक आले आणि खूश झाले, ही त्यातली गंमत. "वा! किती सुबक!" एक बाबा म्हणाले, "बघ, किती छान केलंस तू!"

"मी नाही केलं," पोरगा म्हणाला.

"अरे, असं काय करतोस? छान झालंय की."

"माझं नाही ते." आणि तो बाबाचा हात ओढत फाटकाकडे निघाला. असे चार-पाच जण तरी गेले. काका झाडाखालीच उभे होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

गर्दी ओसरल्यावर बाई त्यांच्यापाशी आल्या. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "दमलात ना, काका? खूप मेहनत घेतलीत."

"पुढच्या बुधवारी..." काकांनी सुरुवात केली. "पुढच्या बुधवारी मी सुरी आणणारच नाही. नुसता बसेन."

बाईंनी पिशवीचा बंद उगाच सारखा केला. "बघू ना, काका. मी कळवते तुम्हाला."

बघू, कळवते. नको असलेलं काम दारात आलं की काका स्वतः गिऱ्हाइकाला हेच सांगत, अगदी याच गोड आवाजात. त्यांनी मान हलवली. "हो हो. सावकाश कळवा."

ते फाटकातून निघाले तेवढ्यात शर्ट मागून ओढला गेला. वकीलबाई. आईचा हात सोडून आलेली.

"आजोबा, उद्या ये. माझं शेपूट लावून दे. नवीन. लांब."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई दुसऱ्या कुणाच्या आईशी बोलत होत्या. आता या पोरीला काय सांगायचं? मला कुणी येऊ देणार नाही म्हणून? म्हाताऱ्याचा अहंकार आडवा आला, की लाज, देव जाणे.

"उद्या नाही गं जमणार. उद्या मला फार काम आहे."

"काय काम?"

"पुस्तक बांधायचंय. मोठं आहे."

"बरं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना हे पटलं. मोठ्या माणसांना कामं असतात. "मग झाल्यावर ये." आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता काका टेबलापाशी येऊन बसले. दाराबाहेर कुणी नव्हतं आणि येणारही नव्हतं. घरात एकूण अकरा पुस्तकं, सगळी त्यांनीच बांधलेली. त्यांनी एकेक काढून पाहिलं, पुठ्ठा वाकवला, शिवण ओढून पाहिली. एकाचंही पान सुटलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी सगळ्यांत जाड शब्दकोश घेतला, काकूंसाठी बांधलेला, तीस वर्षं दगडासारखा टिकलेला. थोडा वेळ तो नुसता पुढ्यात ठेवला. पाच वर्षांच्या पोरीला काम आहे म्हणून सांगितलं होतं, ते खोटं ठरायला नको. मग त्यांनी सुरी घेतली, पाठीवरचं कापड सोलून काढलं आणि आतल्या शिवणीचे दोरे एकेक करून तोडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत शब्दकोश पानापानांनी सुटा झाला होता, आणि काका तो पुन्हा बांधायला बसले होते.