विषाणूचा हेवा

धाकट्या भावाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कुणाचा वाटला न्हाई. त्याला थॅलेसेमिया होता. अंगात चांगलं रक्त बनत नव्हतं, म्हणून आई त्याला दर महिन्याला घनसावंगीहून औरंगाबादला रक्त चढवायला न्यायची. एसटीत खिडकी त्याची, आईची मांडी त्याची, येताना घेतलेली मोसंबी त्याची. मी घरी भाकरी थापायचे. देवा, मला पण हे दुखणं दे, असं मी खरंच मागितलंय. जळकुकडीच होते मी, झाकून काय ठेवायचं?

मी दहावीला असताना डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या हाडातला मगज जुळला तर पोरगा बरा होऊ शकतो. मी रक्त तपासायला दिलं. आता तरी आई माझ्याकडं बघणार होती.

पुढच्या खेपेला तिघं गेलो. जुळला न्हाई. आईचं तोंड पडलं. तिला धीर द्यायला डॉक्टर म्हणाले, परदेशात वेगळंच चाललंय. विषाणूतला रोग काढून टाकायचा, त्यात चांगला जनुक भरायचा. पोराच्याच मगजातल्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून तो त्यांच्यात सोडायचा, अन् त्या परत अंगात घालायच्या. अजून उंदरांवरच चाललंय, वेळ लागेल.

आईनं दोनदा विचारलं, तो विषाणू कधी येणार. जसा काय जावईच यायचा होता. माझ्या अंगाची लाही झाली. सख्खी बहीण नापास, अन् हा मेला विषाणू पास!

मंग डॉक्टरांनी माझा कागद पुढं ओढला. दोष हिच्यातही आहे म्हणाले, अर्धा. हिला त्रास न्हाई. पण नवराही असाच निघाला, तर लेकरू भावासारखं होऊ शकतं. बाबांनी रिवाजाप्रमाणं सख्ख्या मामाची मुलगी केलेली, तीच आमची आई. अन् माझंही आत्याच्या मुलाशी लहानपणीच बोलून ठेवलेलं.

परतीच्या एसटीत आईनं भावाला उठवून मला खिडकीशी बसवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. भाऊ फुगला.

"तिला काय झालंय? ती तर चांगली हाय."

आई नुसती माझ्या केसांतून हात फिरवत राह्यली. एवढी वर्षं हेच तर मागत होते मी. जालना गेलं तरी मला उठवंना. मंग मीच विचारलं,

"आई, तो विषाणू कधी येणार?"