वार कोणता?

माझे ऱ्हस्व-दीर्घ मुळातच कच्चे, आणि अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही मी साड्यांच्या खाली ठेवते, तेव्हा माफी कुणाची मागतेय तेही मला ठाऊक नाही.

मुलाकडे परदेशात, ओटाहुहूला आले ते सत्त्याण्णव साली. मुलगा आणि नर्स असलेली सून सकाळीच कामावर जात. कुणी माझ्याशी इंग्रजीत बोलेल या भीतीने मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून ब्रेड आणायचा तरी दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर थांबायची.

मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर एक उंच दगडी खांब होता, त्यावर अक्षरं कोरलेली. आमच्या गावाच्या वेशीवर वीरगळ होता, त्याला फूल वाहून पुढे जायचं. मला वाटलं, हा इथला राखणदार. परक्या मुलखात त्याच्याशी वाकडं नको. मग रोज शेजारच्या कुंपणाबाहेर डोकावणारं जास्वंदीचं एक फूल तोडून मी त्याच्या पायाशी ठेवू लागले. कुंपण एका म्हाताऱ्या माओरी बाईचं. तिला सगळी गल्ली आंटी म्हणे.

एकदा फूल ठेवून डोळे मिटले आणि उघडले, तर समोर आंटी. तिने खांबाकडे बोट केलं. "वॉर," म्हणाली.

मला ऐकू आलं वार. ही बाई मराठीत वार कशाला विचारेल, हे डोक्यात आलंच नाही. सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, त्यामुळे शंका नव्हती.

"ट्यूस्डे," मी म्हणाले.

"नो, वॉर."

"येस. ट्यूस्डे."

आंटी हसत खांबाच्या पायरीवरच बसली.

संध्याकाळी ती घरी आली आणि सुनेने मला तिचं बोलणं समजावलं. शंभरावर वर्षांपूर्वी इथे जमिनीसाठी लढाई झाली, सरकारची आणि माओरींची. खांब सरकारच्या बाजूने मेलेल्यांचा. आंटीच्या पणजीचं गाव त्याच लढाईत जळालं.

"म्हणजे आई," सून म्हणाली, "यांचंच फूल तोडून तुम्ही यांच्याच वैऱ्याला वाहत होता."

महिनाभर. आंटी मात्र रागावली नाही. मला चित्रं तरी बघता येतील म्हणून तिने स्वतःच्या कार्डावर लायब्ररीतून त्या लढाईचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. मी ते कुठे ठेवावं? ओट्यावर, फोडणीशेजारी. हळदीचं तेल उडालं ते नेमकं नकाशावर. साबणाने पुसलं, तर डाग हातभर झाला.

लायब्ररीने चाळीस डॉलर मागितले. मला कळायच्या आत आंटीने भरून टाकले. पुस्तक आता तिचंच झालं होतं. नकाशा उघडून, डागावर बोट ठेवून ती म्हणाली, "आमचं गाव यात छापलंच नव्हतं. आता दिसतं तरी."

मुलाला सांगितलं असतं तर त्याने पैसे लगेच दिले असते. पण आधी फुलं चोरली, वर पुस्तक नासवलं, आणि भरपाईही दुसऱ्याच्या खिशातून, मग त्या कुंपणासमोरून जायचं कुठल्या तोंडाने? मी गल्लीतल्या, फिजीहून आलेल्या हिंदुस्थानी बायकांच्या साड्यांना फॉल लावू लागले, ब्लाउज सैल करू लागले. इथल्या लोण्याने त्यांना जाड केलं, ते माझ्या पथ्यावर पडलं. गिऱ्हाईक आलं की बोलावंही लागे. मी मान खाली घालून मापाच्या टेपशी बोलायची.

दर मंगळवारी दोन डॉलरचं नाणं घेऊन आंटीच्या दारात जायची. ती नको म्हणायची, मी पायपुसण्यावर ठेवून पळायची. पुढे तिने नको म्हणणं सोडलं आणि दार उघडताच विचारू लागली, "वॉर?"

"ट्यूस्डे," मी म्हणायची.

विसाव्या मंगळवारी पळाले नाही. नाणं तिच्या तळहातावर ठेवलं आणि आदल्या आठवड्यात तिनेच दिलेलं जास्वंदीचं रोप कुठे लावू ते विचारायला थांबले. चाळीसच्या चाळीस डॉलर फिटले.