भोपळ्यावर पहिला वार

लाल भोपळा चिरल्याचा वास आला की बदलापूरचं आमचं कुडाचं घर दिसतं. तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी लोक नुकतेच आलेले. आमचं लग्नही नवंच, पण मी अंबरनाथच्या कारखान्यात, पाळ्यांमुळे राहायलाही तिकडेच; घरी आलो तर रविवारी. परसात एकाच वेलाला जागा होती. मी म्हटलं, "दुधी लाव, लवकर धरतो." बायको म्हणाली, "दुधी काय, मी एकटी चिरून खाईन. भोपळ्यावर बाईमाणूस पहिला वार करत नाही. मग तुम्हाला यावंच लागेल." "येडीच आहेस," म्हटलं आणि बी भोपळ्याचंच आणलं. वेल कौलांवर चढला, पहाटेच्या धुक्यात पिवळी फुलं दिव्यांसारखी दिसायची. भोपळे पिकले आणि मी रविवार चुकवेनासा झालो. आता सून भोपळा पुढ्यात ठेवते, पहिला वार मीच करतो. रोज घरीच तर असतो. बोलावणारीच गेली.