व्याह्यांच्या दारावरून पुढे

दुसऱ्याच्या हातून आलेल्या आमच्या मोटारीला वेग घेता येत असे, सोडता येत नसे. पाचसहा मैल गेलं की अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी तो दबलेलाच राही. वाकून हाताने ओढावा, तर रस्त्याकडे कोण बघणार? आणि भुसावळहून आलेल्या रेल्वेच्या फिटरसमोर मात्र हीच मोटार नव्या सुनेसारखी वागे! त्याने दोनदा कार्बोरेटर साफ केला, स्प्रिंग बदलली, आणि दुसऱ्या खेपेला जाताना मोटारीऐवजी माझ्याकडेच निरखून पाहिलं.

मी स्वतःला यंत्रातला जाणकार समजत असे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालत वाढलेला माणूस मी. रोज सकाळी बॉनेट उघडून अॅक्सिलरेटरच्या दांड्यांना आणि सांध्यांना तेल पाजायचो. अडकणं वाढलं तसं तेलही वाढवलं.

शेवटी माझे वडील, आबा, वैतागले; मोटार ठेवायची की विकायची, एकदाच ठरवू म्हणाले. "पारोळ्याले पोरीना घर जेवाले जानं शे. धड लई गया ते मोटार राही. नही ते इकी टाक."

आबा आणि थोरली वहिनी मागे बसले. वाटेत अॅक्सिलरेटर दोनदा अडकला. दोन्ही वेळा पायाच्या अंगठ्याने खालून उचलून सोडवला आणि खोकल्यासारखं करून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा तो अडकला तो बहिणीच्या सासरच्या गल्लीत. व्याही हातपाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. आम्ही ब्रेकलाही न जुमानता त्यांच्यासमोरून सुसाट निघून गेलो.

"ओ याही! कोठे चालनात? घर हाई शे!"

आबांनी चालत्या मोटारीतून त्यांना हात जोडले. किल्ली फिरवून इंजीन बंद करता येतं, हे मला गल्लीच्या टोकाला, कडब्याच्या गंजीत शिरल्यावर आठवलं.

जेवण राहिलं बाजूला. बॉनेटभोवती अर्धी गल्ली जमली. एकाला पेट्रोलमध्ये पाणी वाटलं, दुसऱ्याने लिंबू बांधायला सांगितलं. मी सगळ्यांना कार्बोरेटर समजावून सांगत होतो. तेवढ्यात वहिनींनी पदर खोचून दांडीला बोट लावलं आणि वास घेतला.

"भाऊजी, आठे काय टाकं तुम्ही?"

"तेल."

"कसानं?"

"घरनंच. जवसनं. ताजं, घानावरनं," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"मंग बरोबर शे. मन्हा तेलना डबानं झाकनबी आसंच चिटकस. चुलाजोडे ठेवं ते आखो जास्ती."

गल्ली हसली. मी हसलो नाही. जवसाचं तेल उन्हातान्हात सुकून चिकट होतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मी ते तापत्या इंजिनावर ओतत होतो. सकाळचं ताजं तेल कालचा चिकटा सैल करी, आणि पाचसहा मैलांत त्याचाच नवा डिंक होई. म्हणूनच फिटरसमोर उभी असताना ती शहाणी असायची! रॉकेल आणि चिंधी घेऊन मी तासभर खरवडत बसलो. गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर निघत होता, आणि आबा वाकून तो बघत होते.

निघताना ते मोटारीत बसेनात. व्याह्यांचा छकडा जुंपून घेतला आणि त्यात मागे तोंड करून बसले. "मोटार बैलसना मांगे चालाड. आंगवर उनी, ते आठेच इकसू."

छकड्याच्या अंगावर न जाऊ देता, बैलांच्या चालीने तीन कोस मी मोटार हाकली. पाय दाब, सोड; दाब, सोड. इंजीन तापलं, माझी पोटरी भरून आली, वहिनी मागे तोंडाला पदर लावून बसल्या. दर वेळी पाय उचलला की अॅक्सिलरेटर वर आला. आबांची नजर मात्र हलली नाही.

तिसरा कोस संपल्यावर त्यांनी छकडा थांबवला, उतरले आणि मोटारीत येऊन बसले. जोडे मात्र हातातच ठेवले, उडी मारावी लागलीच तर.

"मोटार राही," ते म्हणाले. "तेलनी बाटली आजपाईन तुन्ही वहिनीकडे."