त्या सिनेमात नसलेला सीन

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण हातात पेन्सिल घेऊन. वारा नसताना दार वाजलं असं कोणी लिहिलं की मी समासात 'बिजागरी?' असं लिहून ठेवतो. पांढरी आकृती दिसली की 'टॉवेल?'... सगळी नोकरी शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली, त्याचा हा परिणाम. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हा मजकूर पाठवतोय. तुमच्यापैकी कोणी पेन्सिल घेऊन बसलं असेल तर उत्तमच – मला मदत होईल.

ठिकाण भिलाई, सेक्टर 2. दुमजली ब्लॉक, स्टील प्लांटचे जुने क्वार्टर. मी वरच्या मजल्यावर राहतो. समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर माझा शाळेपासूनचा मित्र वसंता आणि त्याची बायको, मंगलावहिनी. वसंता रोलिंग मिलमधून रिटायर झालेला. मुलगा हैदराबादला. म्हणजे घरात दोघंच.

आमच्याकडची एक पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. नळाला पाणी येतं ते आधी खालच्या मजल्यावर. मग खालच्याने बाथरूममधल्या उभ्या पाइपवर तीनदा ठोकायचं – ठक ठक ठक. वरच्याने ते ऐकून बादली लावायची. आता घराघरात मोबाइल आहेत, बेल आहे, पण ही पद्धत काही गेली नाही. पहाटे, दुपारी, केव्हाही पाइप वाजतो आणि आम्ही वरचे लोक झोपेतसुद्धा बादलीकडे जातो.

दुसरी पद्धत फक्त वसंताची आणि माझी. सिनेमा पाहून आलो की रुआबांध्याच्या रस्त्यावरच्या एका टपरीवर बसायचं आणि सिनेमावर खटला चालवायचा. मी फिर्यादी, तो बचावाचा वकील. निकाल लागेपर्यंत दोघांचे मोबाइल बंद. हा नियम त्याचाच. एकदा ऐन युक्तिवादात त्याच्या साडूचा फोन आला होता आणि तो केस हरला, तेव्हापासूनचा. खटला दोन दोन तास सहज चालतो.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मात्र वसंताने सिनेमा सोडला होता. वहिनी वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला लागल्या होत्या, पण रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही करा, पण पडू नका. हे ऐकल्यापासून वसंता त्यांच्या मागे मागे फिरायचा. त्या रविवारी वहिनींनीच त्याला बाहेर काढला.

"घेऊन जा बरं भाऊजी यायले," त्या मला म्हणाल्या. "दिवसभर माझ्या तोंडाकडे पाहून राहते हा माणूस. मलेच वाटते मी आता जातो का काय!"

"पडली बिडली तर?" वसंता म्हणाला.

"नाही पडत. झोपून राहतो. जा."

त्यांना दार उघडायला उठावं लागू नये म्हणून वसंताने बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या वेळी मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

सिनेमा अमेरिकन, परग्रहावरच्यांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीचा होता. मॉलमधल्या थिएटरने नवा पडदा बसवला होता आणि त्याचा थाट मंत्र्याच्या सत्काराला लाजवील असा. दारात झेंडूच्या माळा, 'छत्तीसगढ़ का सबसे भव्य अनुभव' असा फलक, टाय बांधलेला एक तरुण जो थ्रीडीचे चष्मे ट्रेमधून प्रसादासारखे देत होता. आत खुर्च्या मागे कलणाऱ्या. वसंताने बटण दाबलं तर त्याचे पाय वर गेले आणि ते परत खाली येईनात. अर्धा सिनेमा त्याने डेंटिस्टकडे आल्यासारखा पाहिला. चित्र इतकं काळपट की परग्रहावरचे आणि पृथ्वीवरचे यांत फरक करायला त्यांच्या बोलण्याची वाट बघावी लागे. मी चष्मा काढून पाहिलं – उजेड बरा, पण प्रत्येकाला दोन नाकं.

मध्यंतरानंतर आणखी एक भव्य अनुभव आला, तो म्हणजे आवाज गेला. पडद्यावर रात्रीचा समुद्र, त्यावर तरंगणारी ती अजस्र यानं... आणि हॉलमध्ये पूर्ण शांतता. मग लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी 'पैसा वापस' ओरडलं. असल्या वेळी पहिली शिट्टी वसंताची असते. दोन बोटं तोंडात घालून तो जी शिट्टी मारतो ती मिलच्या गोंगाटात कमावलेली आहे. त्या दिवशी तो गप्प होता. झोपला की काय म्हणून मी वळून पाहिलं. डोळे उघडे होते. त्याच्या चष्म्याच्या काचांत मला समुद्र आणि ती यानं दिसली. काही मिनिटांनी आवाज परत आला, टाळ्या पडल्या.

शेवटी परग्रहावरचे सगळं जिंकत आलेले असताना एकाएकी निघून जातात. दिवे लागतात. ट्रेवाल्या तरुणाला चुकवून वसंता चष्मा शर्टाला अडकवूनच बाहेर आला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

टपरीवर चहा सांगितला. थिएटरात बंद केलेले मोबाइल नियमाप्रमाणे बंदच होते. खटला सुरू झाला.

"पहिला आरोप," मी म्हणालो. "यांना आपलं लोखंड पाहिजे. अवकाशात लोखंडाचे धोंडेच्या धोंडे फुकट फिरताहेत. ते सोडून इथं खाली कशाला उतरायचं?"

"कच्चं लोखंड वेगळं आन् तयार माल वेगळा बे मास्तर. तुले काय समजते? त्यायले बनवलेलं पाहिजे होतं."

"मग समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात काय काम? भिलाईला यायचं. निदान दल्लीराजहराच्या खाणीवर तरी."

"इथं आले असते तं गेटपास मागितला असता. तिथंच अटकले असते."

टपरीवाला हसला. वसंता फॉर्मात होता. मी हुकमी आरोप काढला.

"आणि शेवट? जिंकत आले होते. मग एकदम गेले कावून? कारण दिलंच नाही. लेखकाला घरी जायची घाई झाली, म्हणून परग्रहावरचेही गेले."

"कारण दिलं ना!" वसंता पुढे सरकला. "ते बाईच्या ठोकण्याने गेले."

"कोणती बाई?"

"ते बाथरूममधली बे. झोपला होता का तू?"

मी झोपलो नव्हतो. तसं मी सांगितलंही.

"तो आवाज बंद पडला होता ना," वसंता म्हणाला, "तवाच तर होता सीन. बाई पडली आहे. फरशी ओली. उठता येऊन नाही राहिलं तिले. तं ते पडल्या पडल्या पाइपवर ठोकून राहिली. ते ऐकून वरचं यान थांबते, मग वापस फिरते. मले तं वाटलं पुऱ्या पिक्चरमधली तेवढीच गोष्ट खरी."

"आवाज बंद होता म्हणतोस. मग ठोकणं ऐकलं कसं?"

इथे तो अडकेल असं मला वाटलं होतं. तो अडकला नाही. "बाकी सारं बंद होतं. तेच ऐकू येत होतं," असं म्हणून त्याने चमच्याने चहाच्या ग्लासवर वाजवून दाखवलं. ठक ठक ठक... जरा थांबून, ठक ठक.

खटल्यात खोटा साक्षीदार सापडला की वकिलाला होतो तो आनंद मला झाला. आवाज गेला होता तेव्हा पडद्यावर समुद्राखेरीज काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकत होतो. मी उलटतपासणी घेतली.

"बाई दिसायला कशी?"

"तोंड नाही दिसलं. पाठ होती इकडे."

"ठोकत कशाने होती?"

"पितळेचं होतं काहीतरी. चपटं. वरून पकडायले मूठ..." त्याने हाताने आकार करून दाखवला. "वज्री बे. पाय घासायची."

मी मोठ्याने हसलो. टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "ऐकलं का! अमेरिकेतली बाई, आणि हातात वज्री!"

वसंताही हसायला लागला होता. मग त्याचं हसणं अर्ध्यातच थांबलं. हात अजून वज्री धरल्यासारखा हवेत होता. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "घरी चाल."

त्याने मोबाइल चालू करून वहिनींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. स्कूटर मी चालवली, कारण त्याच्याने किक बसेना. वाटेत मी त्याला समजावत होतो की तू काळजीत होतास, तुला डुलकी लागली, त्यात ते दिसलं, वहिनी झोपल्या असतील. तो हो हो म्हणत होता आणि माझा खांदा दाबत होता.

ब्लॉकसमोर पोचलो तर वरच्या गॅलरीत साहू भाभी उभ्या. त्या वसंताच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये राहतात.

"क्या भैया," त्या वरूनच रागावल्या, "कब से पाइप बजा रहे हो और पानी एक बूँद नहीं! दो बार बाल्टी लगा के बैठी मैं!"

वसंताच्या हातात कुलपाची किल्ली होती. भाभींना ती दिसली, त्यांनी वाकून खालच्या दाराचं कुलूप पाहिलं आणि त्या जिन्याकडे धावल्या.

वहिनी बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडलेल्या होत्या. पाठ दाराकडे. वॉकर आडवा. कपाळाला खोक पडलेली, रक्त थांबत नव्हतं. हातात वज्री. वसंता खाली बसला तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. त्याच्या शर्टाला अडकलेल्या चष्म्याकडे पाहून म्हणाल्या, "संपला का पिक्चर? एवढ्या लवकर?"

हॉस्पिटलमध्ये डोक्याचा फोटो काढला. आत रक्त साकळायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, त्या गोळीमुळे हे वाढतच गेलं असतं, तासाभराचा उशीरसुद्धा महागात पडला असता. आमचा खटला दोन तास चालतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. वसंताकडेही पाहिलं नाही.

वहिनी वाचल्या. आता वॉकरशिवाय चालतात.

मग मी पेन्सिल काढली. वसंता काळजीत होता, हे पहिलं. बाथरूममध्ये पडण्याची भीती त्याच्या डोक्यात होतीच, आणि पाइपचं ठोकणं तर आम्हा सगळ्यांच्या झोपेत असतं. वज्री त्याच्याच घरातली. काळपट पडदा, आरामखुर्ची, शांतता – उघड्या डोळ्यांनी माणूस स्वप्न पाहू शकतो. हे सगळं मला पटतं. चष्मा परत करायच्या निमित्ताने मी तो सिनेमा एकट्याने पुन्हा पाहिला. आवाज व्यवस्थित होता. समुद्र, यानं, पुढे एक लांबलचक भाषण. बाई नाही, बाथरूम नाही. इथवर सगळं माझ्या बाजूने.

एकच गोष्ट बसत नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर एकदा मी वहिनींना विचारलं, ठोकलं कसं होतं?

"आधी तीनदा ठोकलं," त्या म्हणाल्या. "मग ध्यानात आलं, साहू भाभी बादलीच लावून राहिली असंल. म्हणून मंग तीनदा ठोकून थांबायची आन् आणखी दोनदा ठोकायची. म्हटलं, काही वेगळं आहे हे तरी समजंल कोणाले."

वसंता शेजारी बसून वाटाणे सोलत होता. त्याने वर पाहिलं नाही. टपरीवर त्याने ग्लासवर काय वाजवलं होतं ते मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. आमच्या दोन्ही ब्लॉकमध्ये जन्मभर कोणी पाच वेळा ठोकलेलं नाही. सवयीचं स्वप्न असतं तर त्यात तीनच ठोके असते.

वसंताचं म्हणणं सरळ आहे – सीन होता, नंतर कापला असेल. तो सिनेमा पुन्हा पाहायला तो तयार नाही. माझा आक्षेप कायम आहे की परग्रहावरचे विनाकारण गेले. खटल्याचा निकाल लागलेला नाही. आम्ही अजूनही टपरीवर बसतो, फक्त दोघांचे मोबाइल टेबलावर, चालू.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाला सुचलं तर अवश्य कळवा, मी समासात लिहून घेईन. तोवर एक सवय मात्र लागली आहे. आमचा पाइप वाजला की मी बादली लावत नाही, चपला घालून आधी खाली जातो. खालचे वर्माजी टॉवेल गुंडाळून दार उघडतात आणि रोज तेच म्हणतात,

"गुरुजी, पानी आया है बस. मैं ठीक हूँ."

मग मी वर येतो आणि बादली लावतो.