अकरा हात दोरी

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि जवळजवळ प्रत्येकाला मनातल्या मनात विचारतो — याची नोंद कुठे आहे? आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात नवस, अंगारे, भूतखेत यांना जागा नाही. मी स्वतः सरकारी कचेरीत आकडेवारीचं काम करतो. तेव्हा जे सांगतोय ते आधी वहीत आहे, मग माझ्या डोक्यात... एवढं धरून चला.

मी राहतो सावंगीला (मेघे). मूळ घर आर्वी तालुक्यात, रोहण्याला. घरामागे विहीर आहे. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून आजोबांनी ती स्वतः खणली. बाबा रोज सकाळी तिचं पाणी किती खोल आहे ते मोजत. दगड बांधलेली दोरी सोडायची, दगड पाण्याला टेकला की काठाशी चिमटीत धरायची, वर ओढून तिथेच हातांनी मोजायची. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आकडा वहीत. सत्तावीस वर्षांत एक दिवस कोरा नाही. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि दुसऱ्या सकाळपासून आई मोजू लागली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. दोनदा विहिरीपाशीच चक्कर येऊन पडली. तिला माझ्याकडे आणायचं होतं. तिचं एकच — "मी आली तं विहीर कोन मोजंन?"

मग मी वह्याच उचलून आणल्या. चहूकडे बोअर झालेत, पाणी खोल चाललंय. विहीर तशीही आटत चाललीये हे आलेखावर दाखवलं तर ऐकेल, असं वाटलं. महिन्याच्या सरासऱ्या काढून सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. ते अशा आकड्यांचे तीन भाग करून देतं — वर्षानुवर्षांचा कल, दरसाल येणारा ऋतूचा चढउतार, आणि या दोन्हींत न बसणारं ते उरलेलं. मोजणारा माणूस बदलला की कुठेतरी उडी दिसतेच. आमच्या कामात हे पहिल्यांदा तपासतात.

आणि इथे माणूस बदलला होता. बाबा सहा फुटांचे. विहीर उपसली तेव्हा गवंड्याने टेपने तळापर्यंत चाळीस फूट मोजले; वहीत त्या आकड्याशेजारी बाबांनी लिहिलंय, चोवीस हात. म्हणजे त्यांचा हात वीस इंच. आईचा सोळा. बाबांचे दहा हात तिथे आईचे साडेबारा यायला हवेत.

उडी नव्हती. कल हळूहळू खोलीकडे जात होता, पण बाबांच्या काळातून आईच्या काळात तो कुठेही न अडखळता गेला होता.

वाटलं, आई जुनेच आकडे उतरवत असेल. पण या सहा वर्षांतलं कोरडं वर्ष आणि नंतरचं भरपूर पावसाचं, दोन्ही तिच्या वहीत बरोबर उतरली होती.

रविवारी सकाळी मी बायकोला घेऊन रोहण्याला गेलो. दिवाळी होऊन गेली होती, चांगलं ऊन पडलं होतं.

"आई, रोज तूच मोजते ना?"

"नाई तं काय तुयी बायको येते सावंगीहून?"

बायको म्हणाली, "मी आले असते तर विहीर कधीच आटली असती." दोघी हसल्या.

आईने दोरी सोडली, ओढली आणि काठावर मोजायला लागली. मी शेजारी उभा होतो. तिच्या अकराव्या हाताला दोरी संपली. मी टेप लावला — दोनशेवीस इंच. सोळा इंचाचे अकरा हात एकशे शहात्तर होतात. चव्वेचाळीस इंच कुठे गेले?

तीच दोरी, तीच चिमूट धरून, मी तिला अंगणात खाटेवर मोजायला लावली. पावणेचौदा. पुन्हा काठावर. अकरा. बायकोलाही मोजायला सांगितलं, मीही मोजलं. आमचे आकडे दोन्हीकडे सारखेच. फक्त आईचे बदलत होते.

"काऊन रे, काय करून राह्यला तू?"

इथे मी चूक केली. नोंदीत घोळ सापडला की तो सांगायचा, ही माझी सवय. मी तिला वही दाखवली, टेप दाखवला, आणि म्हणालो, "आई, काठावर तू बाबांच्या हाताने मोजते."

तिने स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "मले वाटे का माह्यीच सवय हाय..." आणि दोरी गुंडाळून आत गेली.

सोमवारी सकाळी तिने काठावर मोजलं, तेव्हा मी होतो. पावणेचौदा. मंगळवारी पावणेचौदा. टेप दोन्ही दिवस दोनशेवीस.

मंगळवारी दुपारी ती स्वतःच म्हणाली, "चाल बापा, घेऊन चाल मले." आलेख पिशवीतून काढावाच लागला नाही.

आता ती आमच्याकडे आहे. पडायची भीती गेली. पण जेवण अर्धं राहतं, आणि विहिरीचा विषय तिने एकदाही काढलेला नाही. मी काढला की उठून जाते. बायको म्हणते, तुम्ही बोलायला नको होतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. हात आखडतो, ताणला जातो, म्हातारपणी अंदाज चुकतो — सगळं धरून पाहिलं. सहा वर्षं रोज, दर हातामागे चार इंच त्यातून निघत नाहीत. शेवटचे दोन दिवस घालून मी रोजच्या आकड्यांचा आलेख पुन्हा काढला. मी शोधत होतो ती उडी आता आली आहे, उभी, स्वच्छ. बाबा गेले त्या तारखेला तिथे काहीच नाही. उडी आहे ती त्या सोमवारी.