राखून ठेवलेला कान

भाचीला हॉल नको होता. तुळशीचं लग्न झालं की लगेच, सोयाबीन निघालेल्या रानात, दिवसाउजेडी लग्न करायचं, असं तिनं ठरवून टाकलं. सांगलीकडच्या त्यांच्या त्या रानात आम्ही चौघं उभे होतो. भाचीच्या हातात वही, दाजींच्या कपाळाला आठ्या, अक्का मजेत, आणि साताऱ्याहून मुद्दाम बोलावलेला मी, मामा.

"ढेकळात नवरदेव पडला म्हंजे?" दाजी म्हणाले.

"पडू दे की. तुमी हायसा उचलायला," अक्का म्हणाली.

सगळं घरचं हवं, हा भाचीचा हट्ट. अंतरपाट अक्काच्या शालूचा, जेवणात आमच्या माण तालुक्यातली हुलग्याची शेंगोळी.

"शेंगोळी? वऱ्हाड जेवायच्या आधीच पळंल," दाजी म्हणाले.

तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. "आणि मामा, दादा नवऱ्याचा कान पिळेल ना, त्याच्या आधी तुम्ही बाबांचा पिळायचा. माईकवर सगळी गोष्ट सांगून."

ती गोष्ट घरात दर दिवाळीला निघते. आमच्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. अक्काच्या लग्नात मी फौजेत होतो, सुट्टी मिळाली नव्हती. चुलतभाऊ पुढं झाला, तर दाजींनी कानावर हात ठेवला. "सख्खा मेव्हणा देशासाठी उभा हाय. ह्यो कान त्याचा." मांडवात म्हणे टाळ्या पडल्या.

तशी सगळ्यांसमोर पुन्हा टाळी घेणं मला जमणार नव्हतं. इतकी वर्षं मी ती गोष्ट ऐकून खाली मान घालत आलो. लोकांना तो विनय वाटायचा.

"अक्का, मला सुट्टी मिळाली होती," मी म्हणालो.

मग उरलेलंही सांगून टाकलं. सुट्टीचा कागद खिशात होता. पण त्याच आठवड्यात पलटणीच्या कबड्डीचा शेवटचा सामना होता आणि संघात माझं नाव लागलं होतं. घरी मात्र सुट्टी नाही असं कळवलं.

दाजींनी आधी तोंड उघडलं. "किती खेळलास?"

"राखीव होतो. उतरवलंच नाही."

दाजी हसता हसता बांधावर बसले. "म्हंजे माझा कान राखीव, आन तू बी राखीव!"

अक्का हसली नाही. ती पाठमोरी झाली.

"पाठवणीला मी गाडी थांबवून धरली हुती," ती म्हणाली. "समदी वरडत हुती. मला वाटलं, उशिरा का हुईना, येशील."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग ती वळली. "आन तुज्या सायबाला म्या इतकी वर्सं शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचं काय?"

"त्यांची माफी मागतो."

"त्याची कशाला? माजी माग."

मागितली. भाचीनं वहीत माईकच्या ओळीवर काट मारली. अक्का 'असू दे' म्हणाली नाही. "लग्नाच्या आठ दिस आधी यायचं. आता कुणाचं नाव सांगायला जागा न्हाई तुला," एवढंच म्हणाली.

मी दहा दिवस आधी गेलो. अक्का फाट्यावर येऊन थांबली होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही.